पंख्यावर ठोकलेला प्लाय

मित्रांनो, मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका गाळ्याचा जुना एग्झॉस्ट पंखा आहे. दिसायला काळाकुट्ट, पण माझ्या पात्यांना नावं ठेवायची नाय हां! आधी इथं रंगाचं काम चालायचं. आतला वास, वाफ, धूर सगळं मी बाहेर फेकायचो. "हा हाय म्हणून जीव हाय," असं रंगारी म्हणायचे, आणि मला लई बरं वाटायचं.

मग हिमांशू आणि वासिफ आले. कॉलेजपासूनचे जिवलग. स्कूटरसाठी झटपट चार्ज होणारी बॅटरी बनवून स्वतःची कंपनी उभी करायची, हा त्यांचा ध्यास. पोरं गुणी होती. आल्या आल्या त्यांनी माझी पाती पुसली, तेल दिलं.

एके दिवशी शेजारच्या गाळ्यातले रामकिसनकाका आपलं लेथ मशीन थांबवून माझ्या जाळीतून डोकावले. "काय बनवायलात रे पोरांनो?" एवढंच विचारलं बिचाऱ्यांनी. हिमांशूचा चेहराच उतरला. काका वळताच त्यानं बाहेरून माझ्या तोंडावर प्लाय ठोकला.

"अरे यार, काकांना काय करायचीय आपली बॅटरी?" वासिफ म्हणाला. "चार जणांना दाखवली तर चुका तरी कळतील."

"चार जणांना दाखवली तर पाचवा आपल्याआधी विकेल," हिमांशू म्हणाला.

गजांच्या खिडक्या बंद झाल्या, काचांना कागद लागले. फोन आत आणायचा नाही, असा नियम झाला. माझा जीव गुदमरायला लागला, पण मला विचारतो कोण?

आज सकाळी बॅटरी फुगलेली दिसली.

"हिमांशू, हे काही बरं दिसत नाय. कुणा जाणकाराला दाखवू."

"पैसे लावणारे पाहुणे विमानतळावर उतरलेत. त्यांना दाखवून झालं की मग दाखव साऱ्या गावाला! तोवर चार्जिंग चालू ठेव आणि हिच्याजवळ थांब."

कुणी आत शिरू नये म्हणून तो शटरला बाहेरून कुलूप लावून पाहुण्यांना आणायला गेला. दोघांचेही फोन त्याच्या गाडीत.

मित्रांनो, इथं मी तुम्हाला 'यंत्रांची निगा राखा' असं सांगणार होतो. राहू द्या ते. बॅटरीतून धूर निघालाय. वासिफनं धावत येऊन माझं बटण दाबलं. मी जीव खाऊन फिरतोय, पण धूर प्लायवर आपटून परत त्याच्याच तोंडावर येतोय. बाहेर धुराची रेघही दिसत नाही. तो खोकतोय, शटर बडवतोय, आणि शेजारी लेथ मशीन जोरात चालू आहे.

वासिफ आत आहे, हे हिमांशूशिवाय कुणालाच ठाऊक नाही. अहो, काकांना मशीन बंद करायला सांगा हो कुणीतरी!