उघडं कपाट

कपाटातले पॅड चोरीला जात होते. आता ही काय चोरण्यासारखी वस्तू आहे का? ना खाता येते, ना अंगावर मिरवता येते. पण जात होते खरे. वसतिगृहाच्या बाईंनी ही बातमी ताईच्या कानावर घातली तेव्हा "बघा, मी म्हटलं नव्हतं?" हे त्यांच्या तोंडावर इतकं ठळक लिहिलेलं होतं, की बोलायची गरजच नव्हती. तरी त्या बोलल्याच.

ताई तिथे मुलींना आरोग्य शिकवायला यायची. ज्यांना घर नाही, किंवा आहे पण तिथे राहण्यात काही राम नाही, अशा मुलींचं ते वसतिगृह. लांबच लांब खोली, लोखंडी दुमजली पलंग, प्रत्येकीच्या उशाशी एक पत्र्याची पेटी. ताई पहिल्यांदा आली तेव्हा पॅड बाईंच्या खोलीत कुलपात असायचे. मुलीने खाली मान घालून दार वाजवायचं, बाईंनी "परवाच नेलास ना गं?" असं चारचौघांत विचारायचं, आणि मग उपकार केल्यासारखा एक काढून द्यायचा. एक! ताईचं डोकंच फिरलं. ती बाईंशी कडाकडा भांडली, बाईंच्या वरच्या साहेबांकडे जाऊन भांडली, आणि ते कपाट उचलून न्हाणीघराबाहेरच्या बोळात आणवूनच थांबली. कुलूप नाही, विचारणं नाही, जिला लागेल तिने घ्यावं. स्वतःचं घर बांधून झालेल्या माणसाला वाटावा तेवढा अभिमान तिला त्या उघड्या कपाटाचा वाटायचा.

शिकवायचीही मन लावून. जुन्या गोधडीच्या चिंध्यांचं तिने एक गर्भाशय शिवलं होतं. मुली त्याला हत्तीचं तोंड म्हणायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. हसू दे, ताई म्हणायची, हसल्या म्हणजे ऐकतील. आणि ऐकायच्याही. या मुलींच्या आयुष्यात भीतीला काही तोटा नव्हता. निदान महिन्याच्या महिन्याला येणारी ही एक तरी भीती काढून टाकू, म्हणून ती पहिल्या तासापासून एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात भरत होती. रक्त बघून घाबरायचं नाही, हा आजार नाही, यात लाजायचं काही नाही. मुलींनी ते इतकं पाठ केलं की दात घासताना म्हणायच्या. किती रक्त जाणं बरं नव्हे, किती दिवस म्हणजे फार झाले, हेही शिकवायचं होतंच, पण ते पुढच्या तासांना. आधी भीती तर जाऊ दे, असा तिचा हिशोब.

तर पॅड जात होते. कोण नेतं हे सांगायला एक मुलगी तयारच होती. तिला सगळ्या रेडिओ म्हणायच्या, कारण ती बंद होत नसे. रेडिओने ताईला बोळात गाठून सांगितलं, की तिच्या खालच्या पलंगावरची घुमी नेते, ओंजळभर नेते, आणि बाकीच्यांना रिकामं खोकं मिळतं. घुमी म्हणजे वर्गात शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसणारी, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी मुलगी. बाई म्हणाल्या, बाहेर कुणाला तरी विकत असणार, दुसरं काय.

ताईला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. एवढं भांडून मिळवलेलं कपाट, आणि बाईंसमोर नाक कापलं गेलं ते या पोरीमुळे! तिने वर्गात नाव न घेता विश्वासावर मोठं भाषण दिलं. घुमी खाली बघत राहिली. भाषणाने काही झालं नाही, तेव्हा ताई बाजारात गेली आणि कुलूप घेऊन आली. हो, तिनेच आणलं. प्रत्येकीला आठवड्याचे पॅड मोजून हातात दिले, घुमीच्या हातात देताना तिच्याकडे जरा रोखून बघितलं, आणि कपाट बंद करून किल्ली बाईंच्या हवाली केली. बाई त्या दिवशी तिच्याशी फार गोड बोलल्या.

पुढच्या खेपेला ताई आली तेव्हा घुमी वर्गात नव्हती. पोट दुखतंय म्हणून झोपलीये, असं रेडिओने सांगितलं. बाई म्हणाल्या, सोंग आहे, आणि खोलीत वासही येतोय, गादीखाली काय दडवलंय ते एकदा उपसून बघूच. ताई नको म्हणाली नाही.

घुमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाईंनी गादीचा कोपरा उचलला. खाली काही नव्हतं. पेटी उघडली. दोन फ्रॉक, एक कंगवा, शाळेची पुस्तकं. मग ताईने उशी उचलली, आणि ती हातात आली ती नुसती खोळ. आत कापूस नव्हताच. एका बाजूची शिवण उसवून पोरीने मूठ मूठ करून सगळा कापूस काढला होता. ताईने गादी चाचपली, तर भिंतीकडच्या बाजूने तीही पोकळ लागली.

तिला क्षणभर कळलंच नाही. मग एकदम कळलं, पोरीने तो कापूस कशाला वापरला असणार ते. तिने घुमीला आपल्याकडे वळवलं, अंगठ्याने तिच्या डोळ्याखालची कड ओढून बघितली. आत लालीचा पत्ता नव्हता. नखं पांढरीफटक, ओठही तसेच. पांघरूण बाजूला केलं आणि बाईंच्या तोंडून "अगं आई" एवढंच निघालं.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

घुमीने जरा आठवून सांगितलं, की शाळेला सुट्टी लागली त्याच्या आधीपासून. म्हणजे सुट्टी लागून, संपून, पुन्हा शाळा सुरू होऊन वर परीक्षाही झाली होती.

"अगं, मग बोलली का नाहीस? एका शब्दाने तरी सांगायचंस."

"तुम्हीच म्हणालात ना, घाबरायचं नाही," घुमी म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, पण त्यात थोडी ऐट होती. "मी नाही घाबरले, ताई. एकदासुद्धा रडले नाही."

पुढचं सगळं धावपळीत झालं. बाई अंगाने जाड, जिना चढताना धापा टाकणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी पोरीला एकटीने उचललं आणि रस्त्यावर नेऊन रिक्षासमोर उभ्या राहिल्या. रिक्षावाला सीट खराब होईल म्हणून कुरकुरायला लागला, तर बाईंनी त्याला असं फैलावर घेतलं की तो गपगुमान चालवायला लागला. ताई मागे घुमीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती पुनःपुन्हा तिच्या गालावर थापट्या मारत होती, झोपू नकोस, झोपू नकोस म्हणत. पोरगी हसून हो म्हणायची आणि डोळे मिटायची.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीण बाईंना गोड बोलायची सवय नव्हती, आणि वेळही नव्हता. काही मुलींचं रक्त लवकर गोठत नाही, पाळी सुरू झाली की थांबायचं नाव घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. औषध सुरू केलंय, थांबेलही. पण अंगातलं इतकं गेलंय की आता बाहेरून भरलं नाही तर हृदय दमेल आणि बंद पडेल. एका पिशवीने भागायचं नाही. आणि रक्तपेढीत साठा तळाला गेलाय, बदल्यात रक्त देणारं माणूस आणल्याशिवाय ते पिशवी सोडत नाहीत.

"तुम्ही शिकवता ना यांना?" जाता जाता त्यांनी ताईला विचारलं. ताईने हो म्हटलं. डॉक्टरीण बाई तशाच पुढच्या खाटेकडे निघून गेल्या, त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई बाही वर करूनच रक्तपेढीत शिरली. तिथल्या माणसाने तिच्या बोटाला टोचलं, थेंब तपासला आणि मान हलवली. तुमच्याच अंगात रक्त कमी आहे, तुमचं घेता येणार नाही, म्हणाला. ताई त्याच्याशी हुज्जत घालायला लागली. मी लोहाच्या गोळ्या वाटते हो, मला चांगलं माहीत आहे काय असतं ते, घ्या म्हणते ना. त्याने दुसऱ्या बोटाला टोचून दाखवलं. तेवढ्यात मागून बाईंनी तिला बाजूला सारलं आणि त्या खाटेवर जाऊन आडव्या झाल्या. छताकडे बघत त्या रडत होत्या.

पहिली पिशवी लागली. घुमीच्या ओठांवर जरासा रंग आल्यासारखा वाटला, पण नर्स चादर बदलायला आली आणि चादर बघून तिने ओठ दाबले. अजून हवं, लवकर हवं, म्हणाली. वसतिगृहातल्या मुली सगळ्या लहान, त्यांचं कोण घेणार? बाईंनी साहेबांना फोन लावला, ते उचलेनात.

ताई बाहेर आली. बाकांवर माणसं बसली होती, कुणाचा बाप, कुणाचा दीर, कुणी मोबाईलवर, कुणी डुलक्या काढत. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि वर्गात बोलायची तशी खणखणीत बोलली. एका मुलीची पाळी थांबत नाहीये, रक्त जाऊन ती मरायला टेकलीये, कुणी तरी रक्त द्या. पाळी हा शब्द निघाला आणि सगळ्या माना एकदम खाली गेल्या. एकजण उठला, ताईच्या जिवात जीव आला, तर तो बाहेर निघून गेला. एक म्हातारेसे गृहस्थ हळूच म्हणाले, अहो, असं काय बोलता, बायाबापड्या बसल्यात इथे. ताईने पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं. बाकावरच्या बायकासुद्धा दुसरीकडे बघायला लागल्या.

नर्स दारातून सगळं बघत होती. तिने ताईला कोपऱ्यात ओढलं.

"ताई, तुमचं बरोबर आहे सगळं. पण खाली हाडांच्या विभागात जा आणि अपघात झालाय म्हणा. अपघात म्हटलं की माणसं उठतात."

ताईच्या तोंडावर आलं होतं, की मी असलं खोटं बोलणार नाही. इतकी वर्षं घसा कोरडा केला तो याच्याचसाठी, की पोरींनी हा शब्द पोटात दडवू नये. मग तिने दारातून आत पाहिलं. घुमीचा पाय पांघरुणाबाहेर आला होता, आणि तो इतका पांढरा होता की तिने पुढचा विचार केला नाही.

ती जिना उतरून खाली गेली. "गाडीने उडवलंय हो पोरीला," ती म्हणाली, "रक्त पाहिजे." वाक्य पुरं व्हायच्या आत तिघे उभे राहिले. एक टेम्पोवाला होता, भावाचा हात प्लास्टरमध्ये घालायला आलेला. तो तर शर्टाची बाही दुमडतच विचारायला लागला, कुठे झाला, ड्रायव्हर पळाला का, नंबर घेतला का कुणी? ताईने होत्या नव्हत्या त्या थापा मारल्या. पळाला म्हणाली, लाल गाडी होती म्हणाली. खोटं इतकं सरसर येत होतं की तिची तिलाच किळस आली.

दुसरी पिशवी लागली, तिसरीही आली. दुपार कलता कलता नर्सने चादर बघितली, आणि या वेळी तिने ओठ दाबले नाहीत. डॉक्टरीण बाई येऊन नाडी धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, वाचेल. बाई भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या. ताईला रडू फुटलं नाही, ती पलंगाची लोखंडी कड धरून नुसती उभी राहिली.

घुमीने डोळे उघडले होते. नळीतून येणारं रक्त ती बघत होती. तेवढ्यात दारात टेम्पोवाला आला. दंडाला कापूस, हातात बिस्किटांचा पुडा. भला माणूस होता तो. आपलं रक्त कुणाला गेलं ते बघावं, पोरीला दोन शब्द बोलावेत, म्हणून जिना चढून आला होता. पुडा उशाशी ठेवून तो वाकला आणि मायेने विचारलं, की कुठे गं लागलं तुला, कुठून आलं एवढं रक्त?

घुमीने तोंड उघडलं. काय सांगायचं ते तिला चांगलं माहीत होतं, वर्गात कितीदा सगळ्यांनी मिळून म्हटलेलं होतं. पण बोलण्याआधी तिने ताईकडे पाहिलं. ताईने घाईघाईने मान हलवली, अगदी एवढीशी, नको म्हणून.

घुमी बघतच राहिली. मग हळूहळू तिच्या त्या पांढऱ्या चेहऱ्यावर लाली चढली, कानापर्यंत चढली. दिवसभर लोकांनी दिलेलं रक्त तिथे पहिल्यांदा दिसलं. तिने मान खाली घातली आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"पायाला," ती म्हणाली.