भात सोडलेल्या घरातला आडाळो

मी एक जुना आडाळो आहे. घाटावरचे लोक मला विळी म्हणतील. म्हणोत. फणसाच्या लाकडाचा पाट, त्यावर लोखंडी पातं आणि पात्याच्या टोकाला खोबरं खवायचे दात, एवढंच माझं शरीर. तारकर्लीच्या सुगंधाकाकींनी मला लग्नाच्या वर्षी मालवणच्या बाजारातून आणलं. तेव्हापासून या घरात कोण किती खातो ते मी बघतो आणि कोण किती खाल्ल्याचं सांगतो तेही ऐकतो. दोन्ही सहसा जुळत नाही.

काकींचे यजमान धोंडूकाका पर्यटकांना होडीतून फिरवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, पिठूळ आणि गोड कमी करा. काकांनी दुसऱ्या दिवसापासून भात बंद केला. वाडीभर बातमी झाली, "धोंडून भात सोडल्यान!" जणू संन्यासच घेतला. मित्रांनो, आमच्याकडे भात पोटात गेला तरच ते जेवण. बाकीचं नुसतं तोंडात टाकणं. ते कोणी धरत नाही.

मी मात्र कापत होतो. सकाळी आंबे, दुपारी फणसाचे गरे, संध्याकाळी पुन्हा आंबे. मधे पेला भरून गोड कोकम सरबत. काकी एकदा म्हणाल्या, "अवो, गरे जरा कमी खावा."

"गरे खाल्लंय म्हणजे काय जेवलंय मी?" काका म्हणाले. "आणि आंबो आपल्या दारचो. तेच्यात साखर कोण घालतलो?"

काकी हसल्या. पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. काकांनी तपासणीचा कागद घडी करून पंचांगात ठेवला.

जूनच्या सुरुवातीला काका हाताला तेल चोळून स्वतःच फणस चिरायला बसले. उठताना त्यांचा उजवा पाय माझ्या पात्यावरून ओढला गेला. अंगठा खालून चिरला गेला. मला कळलं, कारण कापणारा मी. त्यांना कळलं नाही. ते ताट घेऊन पडवीत गेले.

"अवो, पायातसून रगात गळता!" काकी मागून ओरडल्या.

"खंय?" काकांनी विचारलं आणि तोंडातला गरा चावत राहिले.

जखम काळवंडली. डॉक्टर म्हणाले, साखरेने पाय बधिर झालेत, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. हलत्या होडीत उभं राहणाऱ्या माणसाचा अंगठा तो.

मग काकींची भाची अक्षया आली. ती कुडाळला आहारतज्ज्ञ आहे. तिने पंचांगातला कागद बाहेर काढला.

"काकानू, थोडाच खावचा आसा तर निवडून खावा. मूठभर उकडो भात, नायतर सुरणाचे दोन काप, नायतर कुळथाची पिठी. हेंतला एकच, सोबत मासे नि भाजी. आंब्यात, गऱ्यात, सरबतात फ्रुक्टोज नावाची साखर आसता. ता बरासचा यकृताकडे जाता, आणि तुमच्या यकृतात चरबी आधीच साठली हा."

"म्हणजे भात चलता?" काकांनी विचारलं.

"मूठभर."

"आणि दोन वर्सां मी उगीच उपाशी ऱ्हवलंय?"

"उपाशी?" काकी म्हणाल्या. "आडाळ्याक विचारा."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्या पावसाळ्यात मी फणस चिरला नाही. सुरण चिरला, भाजी चिरली, बांगडे साफ केले. पानातला भात काकी मुठीने मोजत. औषधं होती, मलमपट्टी होती. अडीच महिन्यांनी जखम भरली. अंगठा राहिला. संवेदना मात्र परत आली नाही.

आता रोज संध्याकाळी काका पडवीत पाय पसरून बसतात. काकी तळवा उजेडाकडे वळवून नीट बघतात आणि अंगठ्यावर बोट दाबतात.

"लागता?"

"नाय."

"बरा," म्हणून त्या दुसरा पाय घेतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तोंडात टाकलेलंही मोजा. आणि घरात ज्याच्या पायाला कळत नाही, त्याचे पाय तुम्ही रोज बघा. मी बोथट झालो तर मला धार लावता येते. पायाला लावता येत नाही.