अडकलेला अंगठा

बानाबाईचा उजवा अंगठा एकदा मुडपला की मुडपलेलाच राहायचा. डाव्या हातानं ओढला की टक्कन उघडायचा आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. लेक खंडेराव तिला वेरूळहून मोटारसायकलवर शहरातल्या क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात घेऊन आला, तो काही उगीच नाही. दारात शेळ्यांचा कळप, आणि रोज पहाटे धार काढायला घरात हिचाच हात.

"धार कशी काढता, दाखवा बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बानाबाईनं अंगठा तळव्यात मुडपला आणि हवेतच सड पिळला. लग्न झाल्यावर सासूनं अशीच शिकवली होती.

"तिथंच घोटाळा आहे. अंगठ्याच्या मुळाशी कप्पीसारखी एक कडी असते, तिच्यातून स्नायूची दोरी सरकते. रोज दाब बसून कडी आवळलीय, म्हणून दोरी अडकते. तेवढ्यापुरती भूल देऊन कडी मोकळी करू. महिनाभरात पुन्हा धार काढाल. फक्त अंगठा न मुडपता मूठ वळून काढा."

खंडेरावाचा चेहरा खुलला. बानाबाईचा पडला. वाटभर तिनं बिरोबाला विनवलं होतं, हात कामातून गेला असं एकदा कुणीतरी शिकलेल्या माणसानं सांगू दे. ती दमली होती. दुखणं सोसवत होतं, पहाट सोसवत नव्हती.

"आपरेशन नको," ती म्हणाली. "भ्या वाटतंय."

"तुला?" खंडेराव हसायलाच लागला. "लांडग्यामागं काठी घिऊन पळनारी तू, अन् सुईला भेतीस व्हय?"

"व्हय. भेते."

पंचक्रोशीत कमावलेलं नाव तिनं तिथंच टाकून दिलं. बदल्यात निवांतपणा मिळत होता, सौदा काही वाईट नव्हता.

बाहेर येताच खंडेरावानं बायकोला स्पीकरवर फोन लावला. "करुणा, आईचा हात आता चालत नाय. उद्यापासून पहाटंची धार तुझ्याकडं. आई काढती तशीच काढायची."

पलीकडून करुणा काहीच बोलली नाही. ते गप्प राहणं बानाबाईला ओळखीचं वाटलं. सासूनं पहिल्यांदा हातात धारेची चरवी दिली, तेव्हा तीही अशीच गप्प राहिली होती.

"दे इकडं फोन," ती म्हणाली. "करुणा, तू राहू दे माय. कंपनीत जायच्या आधी खंडू काढील धार. त्याचे दोन्ही अंगठे नवेकोरे हायेत."

खंडेरावाचं हसू जागीच विरलं. बानाबाई मोटारसायकलवर मागं बसली आणि म्हणाली, "चल. मूठ कशी वळायची, ते घरी गेल्यावर दाखवते."