कोरडी टाच

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर हाडमहाराज, त्यांच्यापुढे टाच ठेवून हाडांचा भरीवपणा मोजायचं यंत्र आणि यंत्राच्या बटणापाशी काडी नावाच्या मुलीचा मामा.

"यंत्र माझं नाही, विज्ञानाचं आहे!" महाराज गरजले. "मी फक्त हाडाला हाक मारतो. हाड ओ देतं, आकडा यंत्र देतं!"

एका आजींची टाच यंत्रात गेली. पडद्यावर लाल आकडा उमटला, सभागृह हळहळलं. महाराजांनी टाचेला मंतरलेलं तेल चोळलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि मामाने पुन्हा बटण दाबलं. हिरवा! टाळ्यांचा नुसता कडकडाट. हाडं म्हणजे जणू सायकलची चाकं, हवा भरली की झाली टणक!

काडी मागे उभी होती, डावा हात प्लास्टरमध्ये. गेल्या हिवाळ्यात तिचाही आकडा असाच लालचा हिरवा झाला होता. आई तेव्हा आनंदाने रडली होती.

काडी शिवणकाम करायची. नाव अंगकाठीवरून पडलेलं. तिला जन्मापासून एक आजार होता, आईवडील दोघांकडून वारशाने आलेला. अन्नातल्या प्रथिनांचा एक घटक तिच्या शरीराला पचवताच यायचा नाही आणि तो साठला तर मेंदूला धोका. म्हणून दूध, डाळ, अंडी सगळं बंद. त्याऐवजी औषधी पावडर पाण्यात कालवून प्यायची. बाकीची प्रथिनं, कॅल्शियम, सगळं तिच्यातच. वास असा, की शेजारची मांजरसुद्धा तोंड फिरवायची. अशा आजारात हाडं विरळ होण्याची भीती असते, पावडर चुकवू नकोस, असं डॉक्टरबाई दर भेटीत बजावायच्या.

पण आकडा हिरवा झाला आणि महाराज म्हणाले, "हाड भरलं. आता ते डब्यातलं विष सोड!" मामा तिच्याकडे बघून हसला. मामा दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. लहानपणी तिला खांद्यावर बसवून तपासणीला नेणारा तोच. मामा हसतोय म्हणजे खरंच असणार, असं म्हणून तिने डबे फेकून दिले.

आणि परवा इस्त्री उचलताना मनगट मोडलं. पडली नाही, धडपडली नाही, नुसती इस्त्री उचलली.

"हाडं गेल्या वर्षीपेक्षा विरळ झालीत," मणक्याची आणि खुब्याची तपासणी करून डॉक्टरबाई म्हणाल्या. काडीने तेलाचं आणि हिरव्या आकड्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, ते यंत्र ध्वनिलहरी सोडतं. टाच कोरडी असली की मध्ये हवा राहते, लहरी नीट पोचत नाहीत आणि आकडा घसरतो. म्हणून जेल आधीच लावायचं असतं, तेलानेही तेच काम होतं. ते यंत्र हाताळणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं."

कुणालाही. म्हणजे मामालाही. काडीला मनगटापेक्षा ते जास्त दुखलं.

आता ती तरातरा व्यासपीठावर चढली. पुढच्या रांगेत एक धिप्पाड हमाल बसला होता. "दादा, जरा चप्पल काढून इथे पाय ठेवता?"

मामाच्या कपाळावर घाम आला, पण सगळे बघत होते. त्याने बटण दाबलं. लाल!

"आँ? मी दिवसभर पोती वाहतो आणि माझीच हाडं पोकळ?" हमाल ओरडला. सभागृह हसलं.

काडीने पिशवीतून छोटी कुपी काढली. "हे शिलाई मशीनचं तेल. कुणी मंतरलेलं नाही." तिने ते त्याच्या टाचेला चोळलं. "दाब ना, मामा."

मामाचं बोट हलेना. शेवटी हमालानेच बटण दाबलं. हिरवा!

"या पोरीची श्रद्धाच कमी पडली..." महाराजांनी सुरू केलं.

"आणि दादांची?" काडी म्हणाली. "मशीनच्या तेलावर त्यांची श्रद्धा केव्हा बसली?"

हशा पिकला, मग आरडाओरडा. महाराजांना अचानक ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने सटकले.

"इथे सगळे मला साहेब म्हणतात गं," मामा खाली मान घालून पुटपुटला. "दवाखान्यात माझं नावही कुणाला माहीत नाही. आणि तुझी आई किती खूश झाली होती... पावडर सोड, असं मी कधी म्हटलं नव्हतं."

"सोडू नकोस, असंही म्हटलं नाहीस. बटण दाबलंस आणि हसलास." काडीचा आवाज फाटला. "महाराजांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, मामा. तुझ्यावर होता."

काडीने डोळे पुसले आणि माईक हातात घेतला.

"मनगट जुळेल. गेलेलं हाड परत किती भरेल, ते डॉक्टरबाईही सांगू शकत नाहीत. तुमच्यावर ही वेळ येऊ देऊ नका. कुणी चमत्कार दाखवला तर तोच पुन्हा, क्रम बदलून करायला सांगा. औषध सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि सोडायला सांगणाऱ्याच्या शेजारी आपल्या घरचा माणूस हसत उभा असला, तरीही विचारा."