साहेब ज्यावर शिकले तो बाक

मी एक बाक बोलतोय. पण साधासुधा समजू नका, मी ऐतिहासिक आहे. माझ्याभोवती लाल दोर आहे, डोक्यावर स्वतंत्र दिवा आहे आणि पुढ्यात पाटी आहे : 'साहेब याच बाकावर शिकले. कृपया बसू नये.'

माझा जन्म तेवीस वर्षांपूर्वीचा. पाडलेल्या एका दवाखान्याच्या दारांपासून मिस्त्रींनी मला घडवलं. मिस्त्री म्हणजे सुतार, बोलायला कमी आणि कामाला पक्के. त्यांची एक सवय होती. काम संपलं की वस्तू उलटी करायची आणि आतल्या बाजूला पटाशीने कोरायचं, काय केलं आणि कधी केलं. माझ्याही पोटावर त्यांनी कोरलं, 'शाळेसाठी बाक', आणि खाली पूर्ण तारीख. कुणाला दिसत नाही तिथे कशाला लिहिता, असं कुणी विचारलं की ते म्हणत, मला ठाऊक असतं ना.

मग मी सरकारी शाळेत तिसरीच्या वर्गात दाखल झालो आणि तिसरीतच राहिलो. नापास होण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझ्यावर मुलांनी शाई सांडली, डबे खाल्ले, भर गणिताच्या तासाला डुलक्या काढल्या. आणि गेल्या वर्षी मिस्त्रींचीच नात माझ्यावर येऊन बसली. तिचं तोंड क्षणभर बंद नसे, म्हणून सगळा वर्ग तिला टकळी म्हणायचा. तिचा उजवा गुडघा जन्मापासून वाकत नाही. बाकं कमी, त्यामुळे निम्मी मुलं जमिनीवर बसत, पण तिला ते जमणारं नव्हतं. ती माझ्या टोकाला पाय लांब करून बसायची आणि माझ्याशीही गप्पा मारायची. मला फार आवडायची ती.

तेवढ्यात निवडणूक आली आणि साहेबांना सरकारी शाळांच्या प्रेमाचं भरतं आलं. हे प्रेम त्यांनी पाच वर्षं इतकं आवरून धरलं होतं, की आमचं गळकं छत बघायलासुद्धा ते कधी फिरकले नव्हते.

आधी आला त्यांचा सहायक. त्याने सगळी बाकं न्याहाळली, त्यातल्या त्यात म्हातारा दिसणारा मी निवडला आणि कुणाच्या तरी कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन माझ्यावर साहेबांचं नाव कोरायला बसला. सोबतच्या फोटोवाल्याने विचारलं, साहेब खरंच इथे शिकले का?

"साहेब डोंगरावरच्या खासगी शाळेत जायचे, मोटारीतून," सहायक कोरता कोरता म्हणाला. "पण ते काय सभेत सांगण्यासारखं आहे?"

वर्गाच्या बाई काही बोलायला गेल्या. सहायकाने त्यांच्या बदलीची चौकशी केली. बाई फळा पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, माझ्यावर बसले, कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं आणि कॅमेऱ्याकडे बघत डोळे टिपले. या बाकाने मला घडवलं, असं म्हणाले. मी घडलो तेव्हा साहेब अडतीस वर्षांचे होते. त्या वयात तिसरीत बसायचं म्हणजे शिक्षणाची केवढी ती तळमळ! सरकारी शाळा जगल्या पाहिजेत, असं गहिवरून सांगत ते निघाले आणि त्यांच्या माणसांनी मला टेम्पोत घातलं. मी आता प्रचार कार्यालयात शोभणार होतो. टकळी दारात उभी राहून बघत होती. पहिल्यांदाच ती काही बोलली नाही.

दोन आठवड्यांनी मिस्त्री कार्यालयात आले. त्यांनी सहायकाला सांगितलं, पोरीला खाली बसता येत नाही, उरलेल्या बाकांवर पाय लांब करायला जागा नाही, तिची शाळा बंद झालीय, बाक परत द्या. सहायकाने पाटीकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी पाटी वाचली आणि शांतपणे मला उलटं केलं.

सहायकाने तारीख वाचली. चेहरा पडला, पण लगेच सावरला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मिस्त्री, एवढं रंध्याने काढून टाका. शाळेला नवा बाक देतो."

मिस्त्रींनी माझ्या पोटावर हात ठेवला. त्यांनी नाही म्हणावं, असं मला फार वाटत होतं. पण लाकडाचं काय जातं? शाळा बुडत होती ती टकळीची.

"आधी बाक. मग रंधा," मिस्त्री म्हणाले.

नवा बाक शाळेत पोहोचला. त्याच्या पाठीवर 'साहेबांकडून सप्रेम भेट' असं रंगवलेलं होतं. टकळीला त्यावर बसवून फोटो काढले. तिने म्हणे साहेबांना छताबद्दल इतके प्रश्न विचारले, की फोटो घाईघाईने उरकावे लागले.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री रंधा घेऊन हजर. साऱ्या निवडणुकीत दिलेला शब्द पाळणारा हा एकच माणूस मी पाहिला, आणि तो उमेदवार नव्हता. चार हातांत माझं जन्मसाल भुश्शात गेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? सहायकाने गुळगुळीत लाकडावरून हात फिरवला, खूश झाला आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेला.

मिस्त्रींनी रंधा पिशवीत ठेवला. मग पटाशी काढली. काम पुरं झालं होतं आणि सवय ती सवय. त्यांनी सावकाश, ठसठशीत कोरलं : 'जुनी तारीख साहेबांच्या सांगण्यावरून काढली.' खाली त्या दिवसाची तारीख घातली, मला सरळ उभं केलं, लाल दोर पुन्हा नीट लावला आणि गेले.

साहेब भरघोस मतांनी निवडून आले. शाळेचं छत अजून गळतं, असं ऐकतो. माझ्या दर्शनाला मात्र माणसं येतात, पाटी वाचतात, हळहळतात. तुम्हीही या. पाटी जरूर वाचा. मग इकडेतिकडे बघून हातातला रुमाल खाली पाडा, आणि तो उचलायला जरा वाका.