माझी उपटलेली फळी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पॅलेट आहे, म्हणजे माल रचून उचलायची फळ्यांची चौकट. नाक मुरडू नका. तुम्ही खाता ती साखर, नेसता ते कापड आणि डोक्यावरचं कौलसुद्धा कधी ना कधी माझ्या जातभाईंच्या पाठीवरून आलेलं असतं. माझी कहाणी मात्र गोडगोड नाही. माझ्या जन्मापासून जो आला तो हाणतच आला, आणि हे सांगताना मी काही लपवणार नाही.

स्कॉटलंडच्या एका उतारावर मी झाड होतो. करवतीनं मला आडवं पाडलं आणि चिरून माझ्या फळ्या केल्या. मग खिळे मारायच्या यंत्रानं धाडधाड खिळे घुसवून त्या फळ्या ठोकळ्यांवर बसवल्या. एवढ्यावर भागलं असं वाटलं, तोच मला भट्टीत लोटलं. पोटात लपलेला किडा मरावा म्हणून पार गाभ्यापर्यंत भाजून काढलं. शेवटी तापलेल्या लोखंडानं कुशीवर डाग दिला. त्यात गव्हाची लोंबी आणि काही अक्षरं. हा डाग असला तरच मला परमुलखात जाता येतं. तेव्हा मी फार किंचाळलो, पण पुढं मला त्याचा अभिमान वाटू लागला, खोटं कशाला बोलू!

पुढची वर्षं कामात गेली. फोर्कलिफ्टचे दोन सुळे रोज पोटाखाली घुसायचे, आणि पाठीवर सिमेंट नाहीतर बटाटे. स्कॉटलंडहून बोटीनं समुद्र ओलांडून उत्तर आयर्लंडच्या ग्लेनार्डल बंदरात जायचं आणि परत यायचं. दोन्ही काठ एकाच देशाचे, त्यामुळे कुणी काही विचारत नसे.

मग ब्रेक्झिट झालं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, पण उत्तर आयर्लंडला मालापुरते युरोपचेच नियम राहिले, आणि सीमा पडली ती नेमकी आमच्या समुद्रात. आता आपल्याच देशाच्या पलीकडच्या काठावरून माल आणायचा, तरी परदेशातून आणल्यासारखे कागद लागू लागले. त्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या पाठीवर ग्लेनार्डलच्या मर्विन किर्कपॅट्रिकच्या रोपवाटिकेत जायची गुलाबाची कलमं होती. मुळांना स्कॉटलंडची माती तशीच चिकटलेली होती. नव्या नियमात माती चालत नव्हती. बंदरावरच्या तपासनिसांनी लाथा मारून मारून ती कलमं कचऱ्याच्या पेटीत कोंबली. मर्विन कुंपणापलीकडे उभा राहून बघत होता.

त्यानं मला गाडीत टाकलं आणि थेट रोबर्टा गिलिलँडच्या वर्गात आणून आपटलं. रोबर्टा तीस वर्षं मालवाहतुकीचे कागद बघत आलेली बाई. चर्चच्या मागच्या सभागृहात ती आठवड्यातून एका दुपारी गावातल्या दुकानदारांना आयात-निर्यातीचे नवे नियम शिकवायची.

"सांगा बाई, याच्यात काय चुकलं?" मर्विन गुरगुरला.

तिनं माझ्या कुशीवरून हात फिरवला. "याच्यात काहीच नाही. याचा शिक्का झकास आहे. चुकलं ते याच्यावर बसलेल्यांचं. मुळं धुवायची असतात मर्विन, तुझ्या मोज्यांसारखी."

सगळे हसले, मर्विनही हसला. त्या दिवसापासून मी वर्गातच राहिलो. रोबर्टा मला वर्गातल्या काळ्या फळ्याशेजारी उभा करायची. "हा बघा आपला हुशार विद्यार्थी," म्हणायची. "याच्यासारखा डाग नसेल तर माल चढवू नका. आणि मोडका पॅलेट भलत्याच लाकडानं सांधू नका, त्याची पत जाते." मंडळी चहात सोडा ब्रेड बुडवत लिहून घ्यायची. मर्विन तर शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून लिहायचा. पुढच्या हिवाळ्यातही गुलाबं आली नाहीत तर त्याची रोपवाटिका बंद पडणार होती. आजोबांपासूनची होती ती. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हाणत नव्हतं. मी सुखात होतो.

पण गावात धुमसत होतं. समुद्रातल्या त्या सीमेवर पुष्कळांचा राग होता. आपल्याला आपल्याच देशातून तोडलं, असं त्यांना वाटायचं, आणि त्यात अगदीच काही नव्हतं असंही नाही. त्या रागाच्या मिरवणुका काढणारा म्होरक्या होता डेसी, रोबर्टाचा सख्खा थोरला भाऊ. जुलैत आमच्याकडे ब्रिटनशी इमान सांगणारे लोक एका जुन्या विजयाची मोठी होळी पेटवतात, पॅलेटवर पॅलेट रचून घरांहून उंच. ती रचण्यात डेसीचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. एका सकाळी सभागृहाच्या भिंतीवर लाल रंगानं लिहिलेलं दिसलं, 'इथे गद्दार शिकतात'. त्या दुपारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. रोबर्टानं भिंतीकडे पाठ केली आणि शिकवायला सुरुवात केली.

जून संपता संपता डेसी स्वतःच आला, बरोबर तिघे दांडगट घेऊन. दार लाथेनं उघडलं.

"बास झाली तुझी पोपटपंची, रोबर्टा! तू यांना कागद भरायला शिकवतेस, म्हणजे ती सीमा मान्य करतेस."

"मी काय मान्य करते ते मला विचारलंय कुणी?" ती म्हणाली. "याची गुलाबं कचऱ्यात गेली, तेव्हा आली होती का तुझी मिरवणूक निस्तरायला? या बारा घरांची चूल पेटायची आहे, डेसी."

"आई असती तर तुझं तोंड बघितलं नसतं तिनं."

"आई असती तर आधी तुला बूट पुसून आत यायला सांगितलं असतं."

कुणीतरी फिसकन हसलं आणि तिथंच ठिणगी पडली. एकानं पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र उचलून भिंतीवर फोडलं. दुसऱ्यानं चहाचं टेबल उलथं केलं. मर्विन मध्ये पडला तेव्हा डेसीनं इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याची नजर माझ्यावर पडली. मला भुईवर आडवं पाडून त्यानं माझ्या वरच्या फळीत बोटं घातली आणि पाय रोवून खेचलं. खिळे करकरले. मधोमध असलेली माझी फळी खिळ्यांसकट उपटून निघाली. पहिल्या तडाख्यात मर्विनच्या कानामागची कातडी फाटली. दुसऱ्या तडाख्यात तो गुडघ्यावर आला. तिसरा त्याच्या डोक्यावर बसणार, तोच रोबर्टानं हात घातला. तिच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मित्रांनो, ती फळी माझी होती. माझ्याच अंगानं माझ्याच माणसांना झोडपलं जात होतं आणि मी भुईवर पडून बघत होतो. याहून वाईट काय असतं, मला ठाऊक नाही.

हाड मोडल्यावर डेसी क्षणभर थबकला. मग फळी फेकून त्यानं मला खांद्यावर घेतलं. "गद्दारांच्या शाळेचा हा पॅलेट होळीच्या पार टोकावर जाईल!"

आणि नेलं. दोरानं ओढून मला सगळ्यात वर बसवलं. खाली माझे शेकडो जातभाई एकमेकांवर दाबून बसलेले. जाळायला आणलेला युरोपचा निळा झेंडा त्यानं माझ्यावर पसरला आणि चारी कोपरे ताणून बांधले. वरून मी सपाट, धडधाकट दिसत असेन. झेंड्याखाली भोक होतं.

दुसऱ्या दुपारी वारा सुटला होता. टोकावर आपल्या निशाणाचा खांब रोवायला डेसी वर चढला. लहानपणापासून चढणारा गडी, माकडासारखा वर आला. खाली त्याची बायको लॉरेन ओरडली, "अहो, सावकाश!" तो हसला. खांब दोन्ही हातांत धरून त्यानं माझ्यावर पाय दिला. मी सगळा जीव एकवटला हो. पण जिथं त्याचा पाय पडला, तिथं द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. झेंडा फाटला, पाय मांडीपर्यंत आत गेला, आणि आम्ही दोघेही खाली आलो, पॅलेटांवर आपटत, फुटत.

त्याला उचलायला दुसरं काही सापडेना. मी त्याच्याशेजारीच पडलो होतो. चौघांनी त्याला माझ्यावर ठेवलं आणि रस्त्याकडे धावले. रोबर्टा गळ्यात हात बांधलेली तशीच पळत आली. "डेसी, माझ्याकडे बघ. बघ ना रे," एवढंच ती म्हणत होती. रुग्णवाहिका यायच्या आधीच तो गेला. त्याचं रक्त माझ्या त्या रिकाम्या जागेतून रस्त्यावर सांडत होतं. रोबर्टानं ते पाहिलं. तिची नजर तिथंच खिळली, आणि मला कळलं की तिलाही कळलं.

रक्त लागलेला पॅलेट होळीला नको म्हणाले. तिनं मला सभागृहात परत आणलं.

हिवाळ्यात वर्ग पुन्हा भरला. मर्विनची कलमं धुतल्या मुळांनी, नीट कागदांनी वेळेवर पोचली होती, रोपवाटिका वाचली. एका दुपारी दारात लॉरेन उभी राहिली, काळ्या कपड्यांत. सरळ रोबर्टासमोर आली आणि तिच्या तोंडावर थुंकली.

"तुझ्या या शाळेनं माझा नवरा खाल्ला! इतकी वर्षं चढत होता, कधी पाय घसरला नाही. तुझ्याशी भांडला आणि त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. तूच मारलंस त्याला."

मर्विन ताडकन उठला. त्याच्या कानामागे लांब व्रण होता. "लॉरेन, ऐकून घे. तो पडला ते त्यानं स्वतःच…"

"मर्विन, खाली बस," रोबर्टा म्हणाली.

"अहो, पण तिला कळायला नको?"

"खाली बस म्हटलं ना."

तिनं रुमालानं तोंड पुसलं. मनगट अजून नीट वळत नव्हतं. "हो, लॉरेन," ती हळूच म्हणाली. "माझ्यामुळेच."

लॉरेन हमसून रडली, आणि रोबर्टानं तिला खुर्चीत बसवलं. मी तर लाकूड, मी काय बोलणार! पण मित्रांनो, तुम्हाला सांगतो, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. राग आला की हाताला जे लागेल ते उपटू नका. उपटलीत तर ती फळी कुठली होती ते विसरू नका, कारण त्या भोकावर उद्या कुणाचा पाय पडेल, आणि मागं राहिलेल्या कुणाला ते मुकाट्यानं आपल्या अंगावर घ्यावं लागेल, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं.