निळ्या लोकरीच्या किल्ल्या

डेनिंग स्ट्रीटवर बर्फ पडला की कोण कुठला ते खुर्च्यांवरून ओळखावं. फावड्याने उपसून गाडीपुरती जागा मोकळी करायची आणि कामाला जाताना तिथे घरातली एक खुर्ची मांडून ठेवायची, हा दक्षिण फिलाडेल्फियाचा कायदा. पोलिसांचा वेगळा आहे. तो त्यांनी पाळावा. दुसऱ्याची खुर्ची हलवून गाडी लावणारा सकाळी परत येतो तेव्हा त्याची गाडी बर्फाखाली गाडलेली असते आणि अख्ख्या गल्लीत कोणीच काही पाहिलेलं नसतं.

सेत्तिमियो यानुच्ची खिडकीत बसून या खुर्च्यांची खानेसुमारी करी. वय एक्क्याऐंशी, बायको असुंता जाऊन तीन वर्षं झालेली, गुडघे कामातून गेलेले, नजर मात्र घारीची. समोर मिस अर्लीन बॅगबीची घडीची खुर्ची, पाठीवर तिच्या चर्चचं नाव. ती हलवायची म्हणजे थेट देवाशी वैर. तिच्या पलीकडे मेक्सिकोतला, पुएब्लाकडचा एलेउतेरिओ: रंगाची रिकामी बादली, तीत खोचलेला झाडू. सेत्तिमियोच्या भिंतीला भिंत लागून कंबोडियाची चान्थू केओ: तांबडं, बुटकं प्लास्टिकचं स्टूल, ज्यावर बसलं की गुडघे कानाला लागतात. कोपऱ्यावरच्या इंडोनेशियन घराची बाळाची उंच खुर्ची. बाळ कॉलेजात गेलं, खुर्ची अजून कामावर. आणि अगदी टोकाला ते नवं जोडपं, ओहायोचं. त्यांचा नारिंगी शंकू, वाहतूक पोलीस रस्त्यात ठेवतात तसला, दुकानातून आणलेला.

"विकतचा!" सेत्तिमियो एकटाच असला तरी मोठ्याने म्हणे. "कंबोडियाची बाई पहिल्या हिवाळ्यात शिकली. ओहायोवाल्यांना कोण शिकवणार? परदेशी ते परदेशीच."

त्याच्या स्वतःच्या दारापुढची जागा एलेउतेरिओ न सांगता उपसून जाई, आणि सेत्तिमियो तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची मांडी. गाडी नव्हती. त्याने एक टपालपेटी आडवी केल्यावर मुलीने गाडी विकून टाकली होती. पण जागा ती जागा.

"गल्ली बिघडली" हे त्याचं आवडतं वाक्य. त्याचा बाप इटलीतल्या आब्रुत्सोहून इथे आला तेव्हा त्याच्या लसणाच्या वासाला वैतागून आयरिश शेजारी धाडकन खिडक्या लावत. हे तो अभिमानाने सांगे, आणि त्याच दमात चान्थूच्या मासळीच्या चटणीला नाकं मुरडी. हिशेब सरळ होता: आपल्याला जे मिळालं ते पुढच्याला द्यावं. मात्र चान्थूची कोणती नात गणितात कच्ची, एलेउतेरिओची बेकरीतली पाळी कधी बदलली, मिस अर्लीनचा कोणता गुडघा पावसाआधी दुखतो, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. वैऱ्याची इतकी बारीक माहिती कोणी ठेवत नाही.

घोटाळा झाला तो त्याच्याच बढाईने. न्हाणीघरात पाय घसरून तो पडला होता आणि बेसिनला धरून बऱ्याच वेळाने उठला होता. मुलीला फोनवर त्याने हे बेसिनची तारीफ म्हणून सांगितलं. "जुनं काम आहे, लोरेटा. हल्लीचं असतं तर उपटून हातात आलं असतं."

नदीपलीकडे न्यू जर्सीत राहणारी लोरेटा बेसिनविषयी काही बोलली नाही.

"पॉप, तू उठला नसतास तर दार कोणी उघडलं असतं?"

"मीच."

"पडल्या पडल्या? आई गेल्यावर तू कुलूप बदललंस. त्याची किल्ली कोणाकडे आहे?"

"तुझ्याकडे आहे की."

"मी येईपर्यंत तासभर लागतो, आणि पुलावर गर्दी असली तर देव जाणे. गल्लीत कोणाकडे आहे?"

"या गल्लीत? लोरेटा, आपलं कोण उरलंय इथे?"

"तेच म्हणतेय मी. आपलं कोणी उरलं नाही, तर तू कशाला उरलास? रविवारी येते. तोपर्यंत गल्लीत एकाकडे तरी किल्ली असेल तर मी गप्प बसेन. नसेल तर घर विका म्हणून मागे लागलेल्या त्या दलालाला हो म्हणून सांगायचं, आणि तू माझ्याकडे यायचंस. कबूल?"

सेत्तिमियोने कबूल केलं. यानुच्चींचा शब्द. फोन ठेवल्यावर त्याला कळलं की आपण घर पणाला लावून बसलो.

शनिवारी सकाळी गळ्याभोवती निळा मफलर गुंडाळून तो निघाला. माणसं तोलून पाहायची आणि त्यातल्या त्यात कमी वाईट निवडायचा, असा बेत. आधी मिस अर्लीन, कारण ती ब्लॉक कॅप्टन. गल्लीची साफसफाई, तक्रारी, मयतीची फुलं, सगळं तिच्याकडे.

"मिस्टर सेट! स्वतःच्या पायांनी आलात? कोण गेलं?"

"कोणी नाही. किल्लीचं काम होतं."

"हरवलीत ना? मला वाटलंच." तो तोंड उघडायच्या आत ती स्वयंपाकघरातला खण उपसून परतही आली. हातात पितळी किल्ली, तिला निळ्या लोकरीची गाठ. "घ्या. आणि परत आणून द्या हं, नाहीतर मिसेस असुंता वरून डोळे वटारतील."

सेत्तिमियो बघतच राहिला. लोकर असुंताने विणलेल्या त्याच्या मफलरची होती. किल्ली जुन्या कुलपाची होती.

"ही तुमच्याकडे कधीपासून?"

"त्या आजारी पडल्या तेव्हापासून. म्हणाल्या, 'अर्लीन, माझा नवरा सगळ्या गल्लीला चोर समजतो. तर किल्ली चोरांकडेच असलेली बरी.'" मिस अर्लीन खदखदून हसली. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणजे काय! नीट ठेवलीय का ते बघायला आलो." किल्ली परत देऊन तो बाहेर पडला. ही आता कुठल्याच दाराला लागत नाही, हे सांगायला जीभ वळली नाही.

एलेउतेरिओ नुकताच बेकरीतून आला होता, कोपरापर्यंत पीठ. वडीलधाऱ्यांना तो आपल्याकडच्या रीतीने, आदराने, डॉन आणि दोन्या म्हणे. त्याच्या बैठकीत ग्वादालुपेच्या मेरीमातेची तसबीर, तिच्याखाली खिळा, आणि खिळ्याला निळी लोकर.

"तिथे का, सांगतो डॉन सेती. मातेच्या नजरेखालच्या वस्तूला माझी पोरं हात लावत नाहीत. दुसरीकडे कुठेही ठेवा, चेंडू शोधायला म्हणून तुमच्या गच्चीवर गेलीच समजा."

"म्हणजे तुलाही दिली तिने?"

एलेउतेरिओचा चेहरा पडला. "मला*ही*? दोन्या असुंता म्हणाल्या होत्या, फक्त तुलाच देतेय."

"फक्त तुलाच रे," सेत्तिमियो घाईने म्हणाला. "म्हातारा झालो, तोंडातून काहीही निघतं."

चान्थूच्या दारी येईपर्यंत त्याला पुढचं कळून चुकलं होतं. तिच्या देवघरासारख्या तांबड्या चौरंगावर उदबत्ती होती, पूर्वजांपुढे ठेवलेलं संत्रं होतं, आणि संत्र्याशेजारी बशीत किल्ली होती. गवती चहा घातलेल्या सुपाचा वास घरभर पसरला होता. सेत्तिमियोला तो वास गेली तीस वर्षं भिंतीतून येत होता. नाक न मुरडता त्याने तो आज पहिल्यांदा घेतला.

"बसा, ता," ती म्हणाली. तिच्या भाषेत आजोबांना ता म्हणत. मग बशीकडे बघून हळूच म्हणाली, "पण ती लागत नाही."

"तुला काय माहीत?"

"तुम्ही पडलात त्या दिवशी. भिंतीतून केवढा आवाज आला! मी किल्ली घेऊन धावले. घालून बघते तर फिरेना. मग दार ठोठावलं."

सेत्तिमियोच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते ठोठावणं त्याला आठवत होतं. फरशीवर पडल्या पडल्या तो ओरडला होता.

"तुम्ही म्हणालात, काही विकत घ्यायचं नाही, चालते व्हा," चान्थूने आठवण दिली. "आणखीही म्हणालात. मी म्हटलं, एवढ्या शिव्या देतोय म्हणजे माणूस ठीक आहे. तरी भिंतीला कान लावून बसले, तुमचा रेडिओ लागेपर्यंत."

"गल्लीत बोलली नाहीस कोणाला?"

"काय बोलू? ताने कुलूप बदललं म्हणून? थोरलीने विश्वासाने किल्ली दिली, तिचीच लाज गेली असती." असुंताला ती थोरली बहीणच म्हणायची.

तिने वाडग्यात सूप ओतलं. सेत्तिमियोने ते मुकाट्याने संपवलं. मीठ जास्त होतं. ते त्याने सांगितलं नाही, यावरून त्याची काय अवस्था झाली असेल ते समजावं.

यानुच्चींच्या घरातून कधी कुठली वस्तू टाकून दिलेली नव्हती. तळघरात कॉफीच्या डब्यात जुनं कुलूप स्क्रूंसकट निघालं. दुपारी तो दारात गुडघे टेकून नव्या कुलपाशी झटू लागला, पण बोटं थंडीने बधिर, आणि अंधार लवकर पडायला लागलेला.

"सेट, मदत हवी का?" टोकाच्या घरातला दाढीवाला, व्हिटेकर. ओहायो.

नाव घेऊन हाक मारतो, जसा काही माझ्याबरोबर शाळेत होता! पण सेत्तिमियोने बॅटरी पुढे केली. "धर. हलवू नकोस."

व्हिटेकरने धरली, थोड्या वेळाने पेचकसही त्यानेच फिरवला. "सेट, तू नवं कुलूप काढून जुनं बसवतोयस. लोक उलटं करतात."

"लोक ओहायोत करतात."

रविवारी शेगडीवर सकाळपासून टोमॅटोची ग्रेव्ही रटरटत होती. लोरेटाने खुर्ची उचलून पायरीवर ठेवली, गाडी लावली आणि दाराशी आली. किल्ली घातली. फिरेना. पुन्हा घातली.

सेत्तिमियो आत खुर्चीत बसून होता. दार तीन पावलांवर. उठायला म्हणून त्याने हात टेकलाही होता, मग उचलला. एकच मिनिट, तो मनाशी म्हणाला. पोरीला त्रास होईल, पण घर माझं पणाला लागलंय, तिचं नाही.

"पॉप? पॉप! दार उघड!" दारावर मुठी बसू लागल्या. "पॉप, बोल ना काहीतरी!"

समोरचं दार उघडलं. मिस अर्लीन, चर्चची टोपी डोक्यावर आणि पायांत घरातल्या सपाता, बर्फातून तशीच. "बाजूला हो, लोरेटा बाळ. माझ्याकडे किल्ली आहे!"

"माझ्याकडे आहे!" एलेउतेरिओ रस्त्यापलीकडून ओरडला.

"तुझ्याकडे कशी? ती मिसेस असुंतांनी फक्त मला दिली होती."

"फक्त मला, मिस अर्लीन!"

"अहो, आमच्या आईकडेही आहे," असं म्हणत कोपऱ्यावरचा इंडोनेशियन पोरगा धापा टाकत आला. बोटात निळी लोकर. पायरीवर पंचायत भरली. खरी कोणाची आणि पहिली कोणाची, यावर असा काही वाद जुंपला की तेवढ्यात आतला माणूस दोनदा मरून थंड झाला असता.

"कोणीतरी उघडा!" लोरेटा किंचाळली.

चान्थू उंचीने सगळ्यांच्या कोपराखालची. ती वाकून मधून शिरली. आपली किल्ली लागत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी घेऊन आली होती. घातली, आणि ती फिरली. दार उघडलं तेव्हा सगळ्यांत जास्त नवल तिच्याच तोंडावर होतं. तिने सेत्तिमियोकडे पाहिलं. सेत्तिमियोने पातेल्याकडे पाहिलं.

"पाय पुसा," तो म्हणाला. "आणि किती जण ते सांगा, मॅकरोनी त्या मानाने टाकायची आहे."

लोरेटाने त्याला इतकं सुनावलं की मिस अर्लीनसुद्धा मध्ये पडली नाही. सुनावून संपल्यावर ती मटकन खाली बसली, आणि टेबलावर ओळीने पडलेल्या किल्ल्या बघत राहिली.

"ही आईची लोकर," ती म्हणाली. "पॉप, आपलं कोणी उरलं नाही म्हणत होतास."

"म्हणालो असेन. मी पुष्कळ म्हणतो."

"त्या दलालाला आता काय सांगू?"

"सांग, त्या दाराच्या किल्ल्या फार जणांकडे आहेत."

"आणि माझीच लागत नाही!"

"तू न्यू जर्सीची," सेत्तिमियो म्हणाला. "बाहेरच्यांनी ठोठावावं." लोरेटाला हसू आलं, आणि तिने डोळे पुसले ते हातरुमालाने नव्हे, बाहीने, लहानपणी दारातल्या पायरीवर पुसायची तसे.

मग दारात व्हिटेकर दिसला. दोन्ही हातांत बर्फाचं फावडं.

"आरडाओरडा ऐकला," तो म्हणाला. "माझ्याकडे किल्ली नव्हती. म्हटलं, दार फोडावं लागेल."

गल्लीतल्या सगळ्या चोरांनी मालकाकडे पाहिलं. सेत्तिमियो उठला आणि असुंताच्या ओव्हरकोटाच्या खिशात हात घातला. तो कोट अजून खुंटीला होता. तिची स्वतःची किल्ली निघाली. त्याने मफलरच्या टोकाचा एक धागा ओढला, चांगला वीतभर, आणि कडीला गाठ मारली. गाठ काही असुंतासारखी जमली नाही.

"फक्त तुलाच देतोय," तो म्हणाला, आणि बाकी सगळे इतके हसले की व्हिटेकर गांगरला. "आणि तो शंकू फेकून दे. घरातून खुर्ची काढ."

सोमवारी सकाळी सेत्तिमियोने खिडकीचा पडदा सारून खानेसुमारी केली. चर्चची खुर्ची, बादली, तांबडं स्टूल, बाळाची खुर्ची. टोकाला शंकू नव्हता. त्याच्या जागी बर्फात एक आरामखुर्ची होती, हिरव्या मखमलीची, उशीसकट.

"मखमल!" सेत्तिमियो भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "शिकेल. वेळ लागतो."